मदत हवी आहे: ऊसतोड बायकांचं 'अंतरा' (गर्भनिरोधक) इंजेक्शन चुकतंय

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातली. आमच्या रानाशेजारी बीडहून आलेल्या ऊसतोड टोळीच्या वीसेक कोप्या (झोपड्या) आहेत. परवा पाण्याला आलेल्या एका ताईंनी पदराच्या गाठीतून अंतरा कार्ड काढून दाखवलं. घामानं अक्षरं फुटलेली. पहिलं इंजेक्शन गावाकडे घेतलेलं, दुसरं ३ महिन्यांनी हवं होतं. तारीख उलटून ११ दिवस झालेत. ४ आठवड्यांपर्यंतचा उशीर चालतो, म्हणजे अजून वेळ आहे. पण जवळच्या उपकेंद्रातून "तुमच्या गावालाच घ्या" म्हणून परत पाठवलं. पट्टा पडायला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायला, अजून दोन महिने आहेत हो!

त्यात बायका पहाटे फडात जातात, अंधार पडल्यावर येतात. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. "त्यापेक्षा पिशवीच काढून टाकते," असं तिशीच्या आतली पोर म्हणते तेव्हा पोटात तुटतं. बीडच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली, ती उगाच नाही.

परजिल्ह्यातल्या बाईला अंतरा नाकारता येतं का? तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज कसा लिहू? शिराळा, कराडकडे कुणी कोप्यांवर संध्याकाळचं शिबिर लावलंय का? नर्सताई, आशाताई कुणी असाल तर कृपया लवकर सांगा.