४.९ सेमी की ९.८ सेमी?
उभ्या टांगलेल्या स्प्रिंगला ठोकळा अडकवला तर स्प्रिंग किती ताणली जाते, या प्रश्नावर दोन उत्तरं आली आहेत. दोन्ही बरोबर, फक्त प्रश्न वेगळे. ठोकळा ०.५ किलो, स्प्रिंगचा स्थिरांक (ताणाच्या दर मीटरमागे लागणारं बल) १०० न्यूटन प्रति मीटर, वजन ४.९ न्यूटन. हाताने धरून सावकाश खाली आणला तर ठोकळा ४.९ सेमीवर स्थिरावतो. न ताणलेल्या स्थितीतून एकदम सोडला, तर ४.९ सेमीवर वजन आणि स्प्रिंगची ओढ ही बलं समान होतात खरी, पण वेगही तिथेच सर्वाधिक! क्षणभर थांबतो तो ९.८ सेमीवर, तिथे स्प्रिंगची ओढ ९.८ न्यूटन, म्हणजे निव्वळ बल वरच्या दिशेने ४.९ न्यूटन. ‘वेग शून्य म्हणून बल शून्य’ असं धरलं की गणित फसतं. आणि सावकाश उतरवताना ऊर्जा अक्षय्यता थेट लावू नका: हात ऋण कार्य करतो, म्हणजे ठोकळ्याची ऊर्जा काढून घेतो, गमावलेल्या स्थितिज ऊर्जेपैकी निम्मीच स्प्रिंगमध्ये साठते.