बाईचं वजन नेमकं कोणाच्या हातात असतं?

मुक्ता_व

'खात्यापित्या घरची' हे आपल्याकडे बाईच्या अंगलटीचं कौतुक आहे. भरलेलं अंग म्हणजे घरात सुबत्ता, वाळलेलं अंग म्हणजे ओढगस्त. एके काळी हे आकड्यांतही खरं होतं. १९८९ साली सोबल आणि स्टंकार्ड या दोन संशोधकांनी १४४ अभ्यास एकत्र तपासले. श्रीमंत देशांत गरीब बायका जास्त लठ्ठ आढळल्या आणि विकसनशील देशांत नेमकं उलट, म्हणजे सधन बायका.

पुढे हे चित्र पालटलं. ब्राझीलचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की देशाचं दरडोई उत्पन्न साधारण २,५०० डॉलरच्या आसपास पोचलं की बायकांमधला लठ्ठपणा गरीब घरांकडे सरकायला लागतो. खुद्द ब्राझीलच्या विकसित आग्नेय भागात १९८९ ते १९९७ या काळात वरच्या उत्पन्नगटातल्या बायकांमध्ये लठ्ठपणा कमी झाला आणि खालच्या गटात वाढला. म्हणजे देश पुरता श्रीमंत व्हायच्या आधीच हा भार गरीब बाईच्या अंगावर येतो.

माझं म्हणणं असं, की या बदलाचं कारण बाईच्या जिभेत शोधणं चूक आहे. तिच्या वजनावर तीन गोष्टींचा ताबा असतो: तिच्याकडे स्वतःचा म्हणावा असा वेळ किती, घरातला पैसा कुठे जायचा हे कोण ठरवतं, आणि कोणाला न विचारता ती घराबाहेर पडू शकते का. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांचा हिशेब आहे: बाईचे दिवसाला ४ तास २५ मिनिटं, पुरुषाचा १ तास २३ मिनिटं. हे तीन तास ज्याच्या हातात मोकळे उरतात तो चालायला जाऊ शकतो. जिचे ते जातात तिला 'कमी खा आणि रोज चाल' हा सल्ला देऊन आपण नक्की काय सांगतो?

रोखठोक

नम्रपणे असहमत. तुमच्याच आकड्यांनी तुमचा मुद्दा पडतो. बाई घरात पुरुषाच्या तिप्पट काम करते, तर मग तिचं वजन कमी असायला हवं. झाडणं, पुसणं, उचलणं हे श्रमच आहेत ना?

दुसरं, त्याच वस्तीत, त्याच उत्पन्नात, तितक्याच कामाच्या रगाड्यात असलेल्या दोन बायका घ्या. एकीचं वजन वाढतं, दुसरीचं नाही. परिस्थितीच सगळं ठरवत असेल तर हा फरक कुठून आला? खाणं आणि खर्च यांचा मेळ शेवटी स्वतःलाच घालावा लागतो. 'तुझ्या हातात काहीच नाही' असं बाईला सांगणं मला तिचा आणखी एक अपमान वाटतो. निर्णयाचा अधिकार तिला नाही म्हणून हळहळायचं आणि जिथे आहे तिथेही तो नाकारायचा, हे मला पटत नाही.

मुक्ता_व

थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरकामाचा बराचसा भाग हा उभं राहणं, वाकणं, चार पावलं जाणं आणि पुन्हा बसणं असा असतो. माणूस दमतो, पण दम लागेल असं काम त्यात फार थोडं. दूरवरून पाणी आणणं, हाताने दळणं, लाकूडफाटा गोळा करणं हे खरे जड श्रम. ते कमी झाले हे चांगलंच झालं. ते परत यावेत असं कुणीही म्हणणार नाही. पण जड काम गेलं आणि घराशी बांधलेले तास तसेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजात पुरेशी हालचाल नसलेल्या बायका ३४ टक्के आहेत आणि पुरुष २९ टक्के.

दोन बायकांमधल्या फरकाबद्दल: एकाच वस्तीत एकीला हिवताप होतो, दुसरीला होत नाही. त्यावरून तिथे साचलेल्या पाण्याचा प्रश्न मिटत नाही.

अर्थार्थी

मला दोघांचंही पटत नाही. इथे स्वभाव महत्त्वाचा नाही आणि बाई असणंही नाही. ही किमतींची गोष्ट आहे.

गेल्या काही दशकांत तेल, साखर आणि मैदा स्वस्त झाले, कारखान्यात तयार झालेलं खाणं गल्लीबोळात पोचलं. पोषण-संशोधक बॅरी पॉपकिन यांनी १९९३ मध्ये याला 'पोषण संक्रमण' म्हटलं. गरिबाच्या दृष्टीने पाहा: ठरावीक पैशात जास्तीत जास्त पोट भरेल असं काय मिळतं? फळं, भाज्या, मासे यांतून मिळणारी तितकीच ऊर्जा कितीतरी महाग पडते. त्याचा हिशेब चोख आहे, बाजारच वाकडा आहे.

मेक्सिकोच्या ग्रामीण भागातला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. गरीब कुटुंबांना सरकारी मदत द्यायची, काही गावांत धान्याच्या रूपात, काहींत रोख. उद्देश भूक भागवण्याचा होता. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन्ही प्रकारांत बायकांचं वजन वाढलं, आणि ज्या आधीच लठ्ठ होत्या त्यांचं अधिक वाढलं. तिथे पैसा घरात आला होता. तरी जे व्हायचं ते झालं.

आणि पुरुषांचं काय? १९९० ते २०२२ या काळात जगातल्या प्रौढ बायकांमध्ये लठ्ठपणा ८.८ टक्क्यांवरून १८.५ वर गेला, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. पुरुषांमध्ये ४.८ वरून १४, जवळपास तिप्पट. वेळ आणि परवानगी हेच कारण असेल तर पुरुष इतक्या वेगाने का वाढले?

मुक्ता_व

वाढीचा वेग तुम्ही दाखवलात, पण दरी पाहिली नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या २०१६ च्या सर्वेक्षणात ४१ टक्के बायका लठ्ठ होत्या आणि पुरुष ११ टक्के. बाजार तोच, भाव तेच, बहुतेकदा स्वयंपाकही एकच. किमती दोघांना सारख्या लागू असताना ही जवळपास चौपट तफावत किमतींनी कशी समजावायची? बाजार बिघडलाय हे मान्य. त्या बिघाडाचा भार कोणावर जास्त पडतो, इतकंच मी विचारतेय.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे आणि वर दोन मोठ्या गोष्टी निसटल्या आहेत असं मला वाटतं.

पहिली म्हणजे शरीर. गरोदरपणात वाढलेलं वजन पूर्ण उतरायच्या आत पुढची गर्भधारणा झाली की प्रत्येक वेळी थोडं मागे राहतं. तिथे बेशिस्तीचा काही संबंध नाही. मूल कधी हवं हे ती ठरवू शकते का, याचा आहे. त्यात बालपणीची उपासमार मिसळते. हेल्स आणि बार्कर या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडणी केली, की पोटात असताना कुपोषण झालेलं शरीर काटकसरीला सरावतं आणि पुढे भरपूर अन्न मिळालं की मधुमेहाकडे झुकतं. उपाशी लहानपण आणि पोटभर मोठेपण हे एकाच आयुष्यात घडणं ही विकसनशील देशांतल्या कित्येक बायकांची कहाणी आहे. म्हणूनच एकाच घरात वजनदार आई आणि वाढ खुंटलेलं मूल दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं आई खाते आणि मूल उपाशी राहतं. हा आरोप मी तपासणीच्या खोलीत नातेवाइकांच्या तोंडून ऐकला आहे आणि दर वेळी मला त्याचा संताप आला आहे. स्वस्त, पिष्टमय अन्न दोघांच्याही पोटात जातं. आईची चरबी वाढते आणि मुलाला उंचीसाठी लागणारी प्रथिनं नि सूक्ष्म पोषकं मिळतच नाहीत.

दुसरी म्हणजे समाजाची नजर. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियात मुलींना लग्नासाठी बळजबरीने खाऊ घालण्याची जुनी प्रथा आहे, तिला 'लेब्लू' म्हणतात. आठदहा वर्षांच्या मुलींना मोठमोठी भांडी भरून दूध संपवायला लावायचं आणि नाही प्यायली तर दुखापत करायची. रोखठोक, तिथे निर्णय कोणाचा? दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीच्या साथीने आणखी एक पेच तयार केला. वजन उतरलेल्या बाईकडे लोक आजाराच्या संशयाने पाहू लागले. अशा ठिकाणी 'वजन उतरवा' म्हणणारा डॉक्टर तिला शेजाऱ्यांच्या कुजबुजीच्या तोंडी देत असतो, आणि बऱ्याचदा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

कोरडा_पाट

धागा वाचताना मला सारखं वाटत होतं, की बारीक बाई या चर्चेत कुठेच नाही.

संशोधक डायान कॉफी यांनी २०१५ मध्ये हिशेब मांडला: भारतात गर्भधारणेच्या उंबरठ्यावरच्या बायकांपैकी ४२.२ टक्के कमी वजनाच्या होत्या, आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १६.५ टक्के. तो आफ्रिका खंडाचा भाग तर भारतापेक्षा गरीब. उत्पन्नानेच वजन ठरत असेल तर हे उलटं कसं? ते आकडे आता जुने झालेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८.७ टक्के बायका कमी वजनाच्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या आहेत. पण याच सर्वेक्षणातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. काटा कोणत्याही बाजूला झुकला तरी रक्त पातळच.

मला सर्वांत बोचलेला अभ्यास भारतातल्या एकत्र कुटुंबांचा आहे. एकाच घरात राहणाऱ्या जावांमध्ये धाकट्या भावाची बायको सरासरीने जास्त बारीक निघाली. चूल एक, धान्य एक, बाजार एक. फरक फक्त घरातल्या पायरीचा. अर्थार्थी, इथे तुमच्या किमती काय सांगतात?

पण मुक्ता, तुमच्यावरही माझा आक्षेप आहे. तुम्ही सुरुवात 'खात्यापित्या घरची'पासून केलीत. सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खाणारी तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये नव्हतीच. लठ्ठपणाची चर्चा शहरात लवकर ऐकू येते. हिची कोणी करत नाही, कारण ती दिसतही नाही आणि तक्रारही करत नाही.

मुक्ता_व

आक्षेप मान्य. ती सुटायला नको होती. जावांचा अभ्यास मला माहीत नव्हता. माझ्या मुद्द्याचा यापेक्षा थेट पुरावा मला सापडला नसता.

अर्थार्थी

जावांच्या अभ्यासापुढे माझ्याकडे उत्तर नाही. एका छपराखाली किंमत सगळ्यांना एकच असते. घरातलं वाटप हा वेगळा प्रश्न आहे आणि मी तो धरला नव्हता.

तरी उपायाच्या बाबतीत मी माझ्या जागेवर आहे. घरातली उतरंड कायद्याने एका वर्षात बदलत नाही, किंमत बदलते. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. खरेदी घटली, आणि सर्वांत जास्त घटली ती गरीब घरांत. कोणत्याही बाईला उपदेश न करता.

रोखठोक

डॉक्टरांचं वाचून दोनदा थांबलो. लहान मुलींच्या बाबतीत निवडीची भाषा लागू होत नाही, हे मान्य.

पण एक अभ्यास माझ्या बाजूचा आहे. इजिप्तमध्ये २०१२ साली असं आढळलं, की कमी शिकलेल्या बायकांमध्ये घरची सुबत्ता वाढली की लठ्ठपणा वाढतो, आणि जास्त शिकलेल्यांमध्ये तो परिणाम बोथट होतो. पैसा तोच, शिक्षणाने फरक पडला. म्हणजे जिला कळतं ती निवडते. मी तेच म्हणत होतो.

मुक्ता_व

हा अभ्यास महत्त्वाचा आहे, पण शिक्षण म्हणजे नुसती माहिती नव्हे. शिकलेल्या मुलीचं लग्न उशिरा होतं, मुलं कमी आणि अंतराने होतात, पगार हातात येण्याची शक्यता वाढते, आणि घरात तिचं म्हणणं ऐकलं जातं. साखर वाईट हे न शिकलेल्या बाईलाही ठाऊक असतं. ते ठाऊक असून तिला काय बदलता येतं, फरक तिथे पडतो.

नाडीपरीक्षा

यात थोडी भर. शिक्षण आणि अधिकार वेगळे काढून मोजणं अवघड असतं, कारण ते बहुधा हातात हात घालूनच येतात. त्यामुळे हा अभ्यास कोणा एकाच्या पारड्यात टाकू नये. अनुभवाने इतकंच सांगते: आहाराचा कागद बाईच्या हातात दिला तर तो पिशवीत जातो. तोच कागद सासू किंवा नवऱ्याला समोर बसवून समजावला तर पुढच्या खेपेला काहीतरी बदललेलं असतं. मला हे आवडत नाही, पण मी तसंच करते.

रोखठोक

आणि जिच्यासोबत कोणी येतच नाही तिला काय सांगता?

नाडीपरीक्षा

तिला मी वजनाबद्दल सगळ्यात शेवटी बोलते. आधी विचारते, आज जेवलीस का, आणि किती वाजता.