ऑटोसिस: एजंटचा डीबग लॉग चालू करूनही रात्रीचं काहीच सापडत नाही, मदत हवी आहे

रात्रपाळी_ठाणे: नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. आमच्याकडे ऑटोसिस आहे (ठरल्या वेळी जॉब, म्हणजे स्क्रिप्ट वगैरे, चालवणारा शेड्युलर). काही जॉब रात्री स्टार्टिंग स्टेटसला जाऊन तिथेच अडकतात, रनिंग होतच नाहीत, मग पुढचा अख्खा बॉक्स (जॉबचा गट) खोळंबतो आणि सकाळी रिपोर्ट गेला नाही की फोन मला येतो. जॉब ज्या मशीनवर चालतात तिथल्या एजंट प्रोग्रामच्या एजंटपार्म सेटिंग फाईलमध्ये लॉग.लेव्हल 8 (खूप सविस्तर लॉग) केली, एजंट रिस्टार्ट केला, सकाळी उघडून बघतो तर रात्री दोनचं एक अक्षर नाही. अजून कुठे काय चालू करायचं?

मुळशीकर: कुठलं व्हर्जन? लिनक्स का विंडोज? एकाच मशीनवर होतं का सगळीकडे? आणि रोज का कधीतरी?

रात्रपाळी_ठाणे: लिनक्स. ऑटोपिंग (एजंटशी संपर्क होतो का ते तपासणारी कमांड) सक्सेसफुल येतं, स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते. लॉगचं सांगा ना कोणीतरी.

जुना_युनिक्सवाला: हाताने चालते पण शेड्युलरमधून नाही म्हणजे शंभर टक्के एन्व्हायर्नमेंट. जॉबमध्ये प्रोफाइल (पाथ वगैरे सेट करणारी फाईल) दिलंय का? स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत सेट -एक्स टाका म्हणजे चाललेली प्रत्येक कमांड दिसेल, सगळं एन्व्हायर्नमेंट एका फाईलीत ओता, एरर फाईल वेगळी द्या. तुमच्या डीबग लेव्हल वगैरेची गरजच पडणार नाही.

मुळशीकर: अहो पाथ चुकला तर जॉब फेल्युअरला जाईल, स्टार्टिंगला कशाला अडकेल?

डेटावाली: आम्ही ऑटोसिस सोडून एअरफ्लो या दुसऱ्या शेड्युलरवर गेलो, प्रत्येक टास्कचा लॉग ब्राउझरमध्येच दिसतो. मॅनेजरशी बोलून बघा.

रात्रपाळी_ठाणे: ताई, बँकेचं प्रॉड (प्रत्यक्ष वापरातली सिस्टीम) आहे, आज रात्रीचा प्रश्न आहे.

बॅच_आणि_चहा: लॉग.मॅक्ससाइझ (लॉग फाईलची कमाल साइझ) आणि लॉग.आर्काइव्ह (फाईल भरल्यावर जुनीचं काय करायचं) काय आहे तुमच्याकडे?

रात्रपाळी_ठाणे: 1 एम आणि 2.

बॅच_आणि_चहा: मग रात्रीचं कसं सापडेल? 2 म्हणजे फाईल भरली की उडवून नवीन चालू. लेव्हल 8 ला एक एमबी बघता बघता भरते, दोनचा मजकूर केव्हाच गेला. लेव्हल 5 ठेवा, बहुतेक वेळा पुरते. साइझ वाढवा, आर्काइव्ह 0 करा म्हणजे जुन्या फाईली तारीख-वेळ लावून राहतील, आणि एजंट रिस्टार्ट करा. शेड्युलरच्या बाजूने बघायचं असेल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये इसडीबगॲक्टिव्ह वेगळं असतं, एजंटच्या लेव्हलशी त्याचा संबंध नाही.

जुना_युनिक्सवाला: 8 च ठेवा, 5 मध्ये अर्ध्या गोष्टी येत नाहीत.

बॅच_आणि_चहा: आणि डिस्क भरली की सगळेच जॉब बसतील ते? 8 सपोर्टने मागितलं तर थोडा वेळ ठेवायचं, प्रॉडवर कायम नाही.

नवीन_भरती_2: जिलमध्ये (ऑटोसिसचे जॉब लिहायची भाषा) बॉक्सच्या आत बॉक्स कसा लिहायचा? इंटरव्ह्यू आहे परवा.

मुळशीकर: वेगळा धागा काढा हो. ठाणेकर, अजून उत्तर दिलं नाहीत, रोज होतं का?

रात्रपाळी_ठाणे: नाही, रविवारी रात्री. पॅचिंगला प्रायमरी शेड्युलर रिबूट होतो, तेव्हा शॅडो (राखीव शेड्युलर) ताबा घेतो.

मुळशीकर: हे आधी सांगायला हवं होतं! एजंटकडचा रिसीव्हर लॉग बघा, जॉब पोचला का, मग ट्रान्समीटर लॉग, स्टेटस परत गेलं का. ऑटोपिंगवर जाऊ नका, ते ॲप्लिकेशन सर्व्हरमार्फत तपासतं, त्याचं उत्तर डिफॉल्टला 7500 पोर्टवर येतं. जॉबचं स्टेटस शेड्युलरकडे 7507 वर जातं. शॅडोच्या मशीनचा 7507 फायरवॉलमध्ये उघडाच नसेल.

रात्रपाळी_ठाणे: सेटिंग बदलून कालची रात्र पकडली. रिसीव्हरमध्ये जॉब आलाय, ट्रान्समीटरमध्ये शॅडोच्या आयपीला कनेक्शन टाइमआउट, पुन्हा प्रयत्न, पुन्हा टाइमआउट. आणि आउटपुट फाईल 2:14 ची पडलीय, म्हणजे जॉब पूर्ण झालाय, शेड्युलरला कळलंच नाही.

बॅच_आणि_चहा: मग फोर्स स्टार्ट (जॉब जबरदस्तीने पुन्हा चालवणं) अजिबात मारू नका, पोस्टिंग (खात्यातली नोंद) दोनदा होईल. आउटपुट तपासून स्टेटस सक्सेस करा, पुढचे जॉब आपोआप सुटतील. शिफ्टमधल्या बाकीच्यांनाही आत्ताच सांगा.

रात्रपाळी_ठाणे: सांगितलं. नेटवर्क टीमला तिकीट टाकतोय.

मुळशीकर: सोर्स एजंट, डेस्टिनेशन शॅडो, पोर्ट 7507 असं स्पष्ट लिहा. नाहीतर ते उलट दिशेने, शेड्युलरकडून एजंटकडचा 7520 पोर्ट तपासतात, उघडा आहे म्हणतात आणि तिकीट बंद करतात.