उत्तर: उत्तर: कार्यक्रमपत्रिका, ‘टॉम डूली’पुढे काय छापायचं?

मंडळी, फाइल आज रात्री दहाला छपाईला जातेय. सातव्या क्रमांकावर मुलांचं बँजो-गिटार, ‘टॉम डूली’. ‘गीत-संगीत’ रकान्यात मुलांनी ‘किंग्स्टन ट्रिओ’ लिहून दिलंय. तसंच ठेवू का? एकच ओळ आहे, हे लक्षात असू द्या. दिवाळीला झालं तसं मागाहून फोन नकोत.
— पत्रिकावाली

ट्रिओ अजिबात नको. ती कॅलिफोर्नियात जमलेली गाणारी तीन पोरं. १९५८ साली त्यांची रेकॉर्ड पहिल्या नंबरवर गेली, मान्य. पण गाणं इथलं आहे, आपल्या नॉर्थ कॅरोलायनाचं! विल्क्स काउंटीत १८६६ साली लॉरा फॉस्टरचा खून झाला आणि त्यासाठी १ मे १८६८ ला टॉम डुलाला स्टेट्सव्हिलला फाशी दिलं. हो, तेच आय-७७ वरचं स्टेट्सव्हिल, सहलीला जाताना आपली बस बंद पडली होती ते. ‘फ्रँक प्रॉफिट’ छापा. वटॉगा काउंटीतला तंबाखूचा शेतकरी, बँजो स्वतःच्या हाताने घडवायचा. त्याने १९३८ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या फ्रँक वॉर्नरला हे गाणं म्हणून दाखवलं. वॉर्नरकडून ते ॲलन लोमॅक्स या दुसऱ्या संग्राहकाकडे गेलं, १९४७ साली पुस्तकात आलं, तिथून ट्रिओकडे.
— बापू

बापू, नाव ‘डुला’ की ‘डूली’? एकाच पानावर दोन नावं दिसली तर लोक मलाच विचारतील.
— पत्रिकावाली

कागदोपत्री डुला, तोंडी डूली. त्या डोंगरातले लोक शेवटच्या ‘आ’चा ‘ई’ करतात. ‘ऑपेरा’चं ‘ऑप्री’ झालं ते असंच.
— बापू

फाशीचं गाणं लहान मुलांकडून? पुढच्या रांगेत आजी-आजोबा बसलेले असतात. समितीत हे कुणाला विचारलं होतं?
— माई

माई, गेल्या वर्षी तुमच्याच नातवाने पोवाडा म्हटला. अफजलखानाचा कोथळा काढला तेव्हा आजी-आजोबांनीच वन्स मोअर दिला की.
— ध्वनीवाला

तो इतिहास आहे.
— माई

हाही इतिहासच आहे. झेब्युलन व्हान्स, राज्याचा माजी गव्हर्नर, टॉमचा वकील होता. वरच्या कोर्टाने खटला पुन्हा चालवायला लावला, तरी फाशी टळली नाही. टॉमची दुसरी प्रेयसी ॲन मेल्टन, तिच्यावरही आळ होता, ती सुटली. पण मूळ मुद्दा: प्रॉफिट पहिला नव्हे! १९२९ साली मेम्फिसला ग्रेसन आणि व्हिटर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी हे रेकॉर्ड केलंय. ग्रेसन फिडल वाजवायचा आणि गायचा, दृष्टी जवळजवळ नव्हती. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेला. गाण्यात ‘ग्रेसन नसता तर मी टेनेसीत असतो’ असं येतं ना, तो टॉमला पकडून देणारा जेम्स ग्रेसन याच घराण्यातला. टॉम खोट्या नावाने त्याच्याच शेतावर राबत होता. ट्रिओने सुरुवातीच्या बोलण्यात या भल्या माणसाला प्रेमाच्या त्रिकोणात नेऊन बसवलं. म्हणून म्हणतो, ‘ग्रेसन-व्हिटर’.
— नाना

मग गाण्याच्या हक्कांवरून खटला झाला, त्यातली १९६२ ची तडजोड कुणाशी झाली, नाना? रॉयल्टीत वाटा मिळाला तो प्रॉफिट, वॉर्नर आणि लोमॅक्स यांना. तोही पुढच्या विक्रीवर. खप होऊन गेल्यावर! प्रॉफिटने काय पाहिलं असेल त्यातलं? निदान आपल्या पत्रिकेत तरी त्याचं नाव येऊ दे.
— बापू

पैशाचा विषय निघालाच आहे तर सभागृहाचे उरलेले चेक शुक्रवारपर्यंत द्यावेत. तीन जणांचे बाकी आहेत, त्यातले दोघे याच चर्चेत आहेत.
— खजिनदार

जात्यावरच्या ओवीपुढे आपण कवी कोण म्हणून छापतो का? माझी आजी म्हणायची त्यातल्या निम्म्या ओव्या तिच्या सासूच्या, उरलेल्या कुणाच्या ते तिलाही ठाऊक नव्हतं. ‘पारंपरिक’ लिहा आणि झोपा.
— अक्का

‘पारंपरिक’ लिहिलं की सगळ्यांचं होतं आणि मग कुणीही आपल्या नावावर नोंदवतो. भांडण तिथूनच सुरू झालं होतं, अक्का.
— बापू

मी पेटीवर साथ करतोय म्हणून विचारतो. ट्रिओची चाल दोन कॉर्डांत बसते, पण काल तालमीत पोरं भलतंच, चांगलं भरभर काहीतरी वाजवत होती. कुठली चाल आहे ती?
— पेटीवाले काका

काका, ती गिटारवादक डॉक वॉटसनची! १९६४ च्या रेकॉर्डवरची, त्यात गिटार आणि माउथऑर्गन आहे. मागच्या एप्रिलमध्ये आम्ही विल्क्सबरोला मर्लफेस्ट या संगीत उत्सवाला गेलो होतो, तेव्हापासून मुलाच्या डोक्यात तेच बसलंय. डॉक तिथलाच, डीप गॅपचा. मुलगा मर्ल गेल्यावर त्याच्या आठवणीत हा उत्सव सुरू झाला. तर ट्रिओ, प्रॉफिट, ग्रेसन यांतली कुणाचीच चाल मुलं वाजवत नाहीयेत. ‘किंग्स्टन ट्रिओ’ मुलाने इंटरनेटवरून उतरवलं असावं. सॉरी.
— गिटारवाल्याचा बाबा

हे सकाळी सांगितलं असतंत तर!! छापतेय: ‘पारंपरिक, विल्क्स काउंटी, चाल डॉक वॉटसन’. एका ओळीत बसलं.
— पत्रिकावाली

‘नॉर्थ कॅरोलायना’ राहिलं.
— बापू

बापू, फाइल गेली.
— पत्रिकावाली

पण मग माउथऑर्गन कोण वाजवणार आहे?
— पेटीवाले काका