मदत हवी: घरी बिअर करायचं नवं सामान पहिल्या वापराआधी कसं धुवायचं?

माळरान:
शनिवारी सकाळी पहिली बिअर लावायची आहे. सामान काल आलं. सोबतच्या कागदावर "वापरण्यापूर्वी सर्व भाग स्वच्छ व निर्जंतुक करावेत" एवढी एकच ओळ. कशाने, किती वेळ, काही नाही. व्हिडिओ बघावेत तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. भांड्यांचा साबण चालतो का? उकळतं पाणी ओतलं की पुरे का? जरा लवकर सांगा, शनिवार गेला तर पुढचा महिनाभर मला सवड नाही.

कढीलिंब:
सामान म्हणजे नेमकं काय काय? काचेचा बुधला की प्लास्टिकची बादली? पातेलं कसलं? तुम्ही राहता कुठे? उकळत्या पाण्याने काच तडकते आणि बादली वाकडी होते, त्यामुळे हे कळल्याशिवाय हो म्हणता येत नाही.

घाटमाथा:
एवढी चौकशी कशाला? ब्लीच वापरा. एक गॅलन (साधारण पावणेचार लिटर) गार पाण्याला एक मोठा चमचा साधं, बिनवासाचं ब्लीच. २० मिनिटं बुडवून ठेवा, मग उकळून गार केलेल्या पाण्याने विसळा. मी पहिल्यापासून हेच करतो, एकही बिअर नासली नाही. ती बाटल्यांतली महागडी रसायनं घ्यायची काही गरज नाही.

पेठेतला:
हे कायदेशीर आहे का पण? पुण्यात घरी करता येईल?

कढीलिंब:
@पेठेतला, महाराष्ट्रात नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला करमाफी मिळाली: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. म्हणूनच धागाकर्त्याला कुठे राहता ते विचारलं.

मोगरी:
आमच्याकडे लोणच्याची बरणी धुऊन कडक उन्हात वाळवतात आणि मग निखाऱ्यावर हिंग टाकून तिला धुरी देतात. वर्षभर लोणच्याला बुरशी येत नाही. बादलीलाही देऊन बघा, खरंच गुण येतो.

माळरान:
ओहायोत राहतो. साडेसहा गॅलनची प्लास्टिकची बादली, खाली तोटी. एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी झडप), सायफनची नळी, स्टीलचं आठ गॅलनचं पातेलं, गार करायला तांब्याचं वेटोळं. धुरी नको, बिअरला हिंगाचा वास येईल. आणि पातेलं आतून कागदी रुमालाने पुसलं तर रुमाल काळपट राखाडी झाला, बोटाला तेलकट लागतंय. नवं आहे ना हे? परत करू का?

कढीलिंब:
परत करू नका. कारखान्यात घडवताना लागलेलं तेल आणि पॉलिशची पूड आहे ती, नव्या स्टीलवर असतेच. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन मऊ फडक्याने घासा, रुमाल पांढरा निघेपर्यंत. तेवढ्याने भागलं नाही तर बार कीपर्स फ्रेंड नावाची भांडी घासायची पूड ओल्या फडक्यावर घेऊन चोळा. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून नंतर भरपूर पाण्याने खळबळून काढा. तारेची घासणी लावू नका. साबण अजिबात राहू देऊ नका, बिअरवरचा फेस टिकत नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मळ असलेल्या जागी जंतुनाशक पोचतच नाही, म्हणून आधी सगळं धुवायचं. पातेल्यात तासभर उकळी असते, ते निर्जंतुक करायची गरज नाही. उकळलेला काढा (म्हणजे माल्टचं, मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) गार झाल्यावर ज्या ज्या गोष्टीला लागतो ती प्रत्येक गोष्ट मात्र करायची: बादली, झाकण, तोटी, एअरलॉक, नळी, चमचा, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा.

बादलीला आतून घासणी लावू नका, ओरखड्यांत जंतू घर करतात. पीबीडब्ल्यू (बिअरचं सामान धुवायची पूड) किंवा बिनवासाचं ऑक्सीक्लीन (कपड्यांचे डाग काढायची पूड) कोमट पाण्यात कालवून अर्धा तास भिजवा आणि नीट विसळा. त्यानंतर स्टार सॅन हे आम्लयुक्त जंतुनाशक, १९ लिटर पाण्याला ३० मिलि. एक-दोन मिनिटं सगळीकडे ओलं राहिलं की झालं, विसळायचं नाही.

तांब्याचं वेटोळं व्हिनेगर आणि पाण्याने पुसून धुवा. बिअर करताना उकळीची शेवटची पंधरा मिनिटं पातेल्यातच सोडा.

घाटमाथा:
एवढ्या बाटल्या विकत घेण्यापेक्षा ब्लीच एका डॉलरचं काम आहे.

कढीलिंब:
काचेला आणि प्लास्टिकला चालतं, मान्य. पण त्यांचं पातेलं स्टीलचं आहे. ब्लीचमधल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. विसळण्यात कसर राहिली तर बिअरला दवाखान्यातल्या मलमपट्टीसारखी चव येते. आणि व्हिनेगर किंवा स्टार सॅनमध्ये ब्लीच कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. नवख्या माणसाला तीन बाटल्या शेजारी ठेवून ब्लीच सुचवणं मला पटत नाही.

घाटमाथा:
मिसळा असं मी कुठे म्हटलं? पण स्टीलचं बरोबर आहे, पातेल्याला नको.

दुपारची_झोप:
पहिल्यांदाच करताय तर गव्हाची बिअर करा. गढूळ असली तरी चालते.

माळरान:
माल्ट आधीच घेतलंय, फिकट एल (बिअरचाच एक प्रकार) करतोय. पातेलं झालं, तिसऱ्या धुण्यानंतर रुमाल पांढरा निघाला. आता स्टार सॅन कालवलं तर बादलीत फेसच फेस. ओतलं तरी तळाशी राहतोय. पुसून काढू?

कढीलिंब:
पुसू नका, फडक्याने जंतूच परत लावाल. त्या फेसावरच माल्टचा काढा ओता, काही बिघडत नाही. तोटी सुटी करून धुतलीत का?

माळरान:
नाही. ती सुटी होते?

कढीलिंब:
होते. बादलीच्या आतला नट फिरवून तोटी काढा, आटे आणि वायसर वेगळे धुवा. नासलेल्या बिअरचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. परत बसवताना वायसर नीट बसलंय ना ते बघा. मग साधं पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर पाणी ओतून द्या आणि स्टार सॅन पुन्हा फिरवा, तोटीतूनही थोडं सोडा.

माळरान:
वायसर वाकडं बसलेलं होतं. नीट बसवलं, पाणी भरून ठेवलंय.