शेवाळात शेवाळ राहतं, हे मराठीत कसं लिहू?

तळ्याकाठची:
शाळेच्या विज्ञान मंडळासाठी उत्तर युरोपातल्या पीटच्या दलदलींवर टिपण लिहितेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. तिथं स्फॅग्नम नावाचं मॉस वाढतं. त्याच्या ओल्या पानांत डेस्मिड राहतात, म्हणजे एकपेशीय हिरवी शेवाळंच. कंबरेत बारीक, दोन्ही अर्धे आरशातल्यासारखे. आता रंकाळ्याच्या पायरीवरचं बुळबुळीत तेही आपलं शेवाळ, आणि पन्हाळ्याच्या तटावर पावसाळ्यात येतं ते मऊ मखमलीसारखं तेही शेवाळच. वाक्य झालं, "शेवाळात शेवाळ राहतं." घरात वाचून दाखवलं तर हे म्हणतात, "मग? भातात भातच असणार की." दुसरा शब्द आहे का कुणाकडं?

गुटीवाला:
ताई, पेरूची गुटी बांधताना साल काढून ओलं शेवाळ लावतो आणि वर प्लॅस्टिक गुंडाळतो, ते तुमचं स्फॅग्नमच. नर्सरीत 'मॉस द्या' म्हणा नाहीतर 'शेवाळ द्या', पाकीट तेच मिळतं. कोरड्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी धरतंय गडी!
जाता जाता, कोकोपीटचा त्या पीटशी संबंध नावापुरता. ते नारळाच्या सोडणाचं. खरं पीट म्हणजे पाण्याखाली हवा न लागल्यानं अर्धवट कुजून हजारो वर्षं साठलेलं मॉस. एका दुकानाच्या पाटीवर 'कोकोपीठ' लिहिलंय. भाकरी कशा होतात, विचारायचं राहिलं.

पाटीपेन्सिल:
परिभाषेत मॉसला 'हरिता' आहे. शब्द गोड, पण "दगडावर हरिता उगवली" म्हटलं की शेजारची मुलगी डोळ्यांपुढं येते. मी सरळ 'मॉस' लिहीन. बारीक पाणवनस्पतीला 'शैवाल', आणि बोलताना दोन्हीला शेवाळ. तसं शैवाल आणि शेवाळ एकाच मुळाचे, एक संस्कृत वेशात, दुसरा घरच्या कपड्यांत. (शेवळाची भाजी वेगळी, तिला यात ओढू नका.)

तळ्याकाठची:
मग 'मॉस'च. काल पाकिटातलं मॉस भिजवून एक पान काचपट्टीवर ठेवलं. हिरव्या अरुंद पेशींची जाळी, आणि मधे मोठ्या, मेलेल्या, रिकाम्या पेशी. भिंतीला गोल भोकं. पाणी धरून ठेवतात त्या ह्याच, आणि दलदलीत काही रोटिफर (सूक्ष्मदर्शकातून दिसणारे पाण्यातले बारके प्राणी) थेट यांच्यातच बिऱ्हाड करतात. मला पाकिटात जिवंत कुणी दिसलं नाही. पन्हाळ्याचं मॉस रात्रभर भिजवून पिळलं, त्यात मात्र एक रोटिफर सापडला. शेपटी चिकटवून तोंडावरची दोन चाकं फिरवत बसला होता. चाकं खरी नव्हेत, केसांच्या लाटा. शेजारी पाणी भरायच्या घागरीसारखं तपकिरी कवच, आतला अमीबा केव्हाच गेलेला. पीटमध्ये अशी कवचं हजारो वर्षं टिकतात. कुठल्या जातीची कवचं किती, यावरून ती जागा तेव्हा किती ओली होती ते जाणकार सांगतात.
अजून एक. नुसत्या पावसावर जगणारी आम्लधर्मी दलदल वेगळी आणि जमिनीतल्या पाण्यावर पोसलेली वेगळी. डेस्मिडच्या जाती दुसरीत जास्त. दोन्हीला 'दलदल' लिहिलं की पुन्हा शेवाळाचीच गत.

गुटीवाला:
आमच्याकडं पावसाळ्यात बांधाखालून पाणी पाझरायला लागलं की 'उपळ फुटला' म्हणतात. दुसरीला 'उपळाची दलदल' म्हणा, पहिलीला 'पावसाची'. शेतकऱ्याला लगेच कळेल.

पाटीपेन्सिल:
झकास. कोशात नसलं तरी लिहा.

तळ्याकाठची:
लिहिते. आता शेवटचं. मॉसमध्ये टार्डिग्रेड नावाचा आठ पायांचा बारका प्राणी असतो, त्याला १७७३ मध्ये गोएझ या जर्मन माणसानं 'छोटं पाण्यातलं अस्वल' म्हटलं होतं. 'जलअस्वल' लिहू का?

गुटीवाला:
पाणअस्वल! पाणकोंबडी आहे, पाणकावळा आहे, पाणमांजर आहे. ह्यानंच काय घोडं मारलंय?