अनुभव धागा : पहिल्या वर्षाच्या मुलांची अर्ध्या दिवसाची भूशास्त्र सहल

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या सहलींचा हंगाम. कॉलेजपासून तासाभराच्या अंतरात मुलांना काय दाखवावं, बरोबर काय न्यावं आणि कुठे फसतं, हे अशा सहली नेणाऱ्यांनी नेमकेपणाने लिहावं.

पुण्याहून
वेताळ टेकडी आणि तिथली जुनी दगडखाण पुरेशी आहे. थांबे तीनच ठेवा, प्रत्येकी 40 मिनिटं. सहा ठेवलेत तर चढउतार आणि हजेरीतच सकाळ सरते, आणि शेवटच्या थांब्यावर कुणी वही उघडत नाही. जागा वनखात्याची, तेव्हा परवानगी लेखीच घ्या. खाणीत पाणी साठतं, त्यामुळे काठावर एक शिक्षक उभा हवाच.

पहिला थांबा मुरमाचा. खडकाच्या सांध्यांतून, म्हणजे भेगांतून, पाणी शिरतं. कोपऱ्यांवर झीज दोन-तीन बाजूंनी होते, म्हणून चौकोनी ठोकळा गोल होत जातो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. मुलांना बाहेरचा तांबूस पापुद्रा हाताने सोलू द्या, मग आतला काळा गाभा दाखवा. मुरूम आणि काळा पाषाण हा एकच खडक आहे, हे तिथे एका मिनिटात पटतं. वर्गात तास घालवूनही पटत नाही.

खडकातल्या पोकळ्यांत पांढरं खनिज दिसलं की मुलं सरसकट 'गारगोटी' म्हणतात. आधी लोखंडी खिळ्याने ओरखडा काढायला लावा. खिळ्याला दाद दिली नाही तर गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्‌झच्या कुळातलं. ओरखडा उठला तर आम्लाचा एक थेंब टाका. जोरात फसफसलं तर कॅल्साइट, नाहीतर बहुधा झिओलाइट. आम्ल प्रयोगशाळेतच पातळ करून न्या : 90 मिलि पाण्यात 10 मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल पाण्यात ओतायचं, उलट कधीही नाही. ड्रॉपरची बाटली शिक्षकाच्याच खिशात.

साताऱ्याहून
साहित्याबद्दल. पाच जणांचा गट, गटाला एक भूशास्त्रीय हातोडा, एक 10 पट भिंग, एक होकायंत्र. सुताराचा हातोडा नको. दगडावर आपटून त्याच्या पोलादाचीच कपची उडते. बसाल्टच्या, म्हणजे या काळ्या पाषाणाच्या, कपच्या सुरीसारख्या धारदार असतात, म्हणून फोडणाऱ्याला संरक्षक चष्मा आणि बाकीचे तीन मीटर मागे.

होकायंत्र खडकावर टेकवू नका. बसाल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे सुई भरकटते. छातीच्या उंचीवर धरा आणि दोन जागांवरून वाचन घेऊन ताडून पाहा. मोबाइलचं होकायंत्रही असंच चुकतं.

कड्याखाली जायच्या आधी वर आग्या मोहोळ आहे का ते बघा. असेल तर जागा बदला. अत्तर, धूर, आरडाओरडा तिथे जिवावर बेततो.

मुंबईहून
अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला, म्हणजे बसाल्टच्या उभ्या खांबांच्या टेकडीला, हातोडा नेऊच नका, ते जपायचं ठिकाण आहे. लाव्हा थंड होताना आकसतो, भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत जातात, आणि त्यातून हे खांब सुटतात. मुलांना दहा खांबांच्या बाजू मोजायला द्या. सगळे षट्कोनी निघत नाहीत, आणि ते का, ही चर्चा सर्वांत रंगते. एकच थांबा, दीड तास.

पारनेरहून
निघोजचे रांजणखळगे, म्हणजे नदीपात्रातल्या खडकात कोरले गेलेले रांजणासारखे खड्डे, बघायचे तर कुकडीच्या पात्रात पाणी कमी हवं. वरच्या धरणातून पाणी कधी सोडणार, हे आदल्या दिवशी पाटबंधारे कार्यालयात फोन करून विचारा. खळग्यांचे काठ घासून गुळगुळीत झालेले असतात, ओल्या बुटांनी पाय सटकतो. काठापासून दोन मीटरवर दोरी बांधा. तळातले गोटे आवर्जून दाखवा, खळगा कोरण्याचं काम त्यांनीच केलेलं असतं.

पुन्हा पुण्याहून
राहिलंच : वही बिनओळींची आणि पेन्सिल, घामाने शाई पसरते. फोटोच्या आधी रेखाचित्र, त्यात मापपट्टी आणि उत्तर दिशा. नमुना गटाला एकच, मुठीएवढा. कागदात गुंडाळण्याआधी त्यावर क्रमांक आणि थांबा लिहून घ्या. बसमध्ये बसल्यावर सगळे काळे दगड सारखेच दिसतात.